तेइजिमामाला नदीनं भिजवलं नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या आईनं, फुकुएनं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि ती थापा मारणारी बाई नाही.

रात्र नव्हती. १९६१चा ऑक्टोबर, भर दुपार. जपानातल्या कुमानोच्या डोंगरातली आमची नदी.

तेइजि हा आईचा धाकटा भाऊ. त्याची बायको सुमिनो दरडीखाली सापडून गेली होती.

शवपेटी उघडायची नाही, असं मोठ्यांनी बजावलं होतं. पण खिळे ठोकायच्या आधी मामानं झाकण उचललं. काडी ओढली. आत पाहिलं.

काय पाहिलं, ते त्यानं कधीच सांगितलं नाही.

माती देऊन झाल्यावर देवळाचे पुजारी त्याला विटाळ धुवायला नदीवर घेऊन गेले. सोबत फक्त आई.

"घाबरू नकोस," पुजारी म्हणाले. "इझानागी देवसुद्धा मेलेल्या बायकोचं तोंड पाहून आला होता. नदीत न्हाला, सुटला."

"त्याला सुटायचं होतं," मामा म्हणाला.

तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. डोकं बुडवलं. काठावर आला.

आईनं टॉवेल पुढे केला. "बुडी मारलीस, की नुसता नमस्कार करून आलास?"

मग तिचा हात त्याच्या बाहीला लागला…

कोरडी.

केस कोरडे. पापण्या कोरड्या.

"ताई, मी खरंच बुडालो गं," तो म्हणाला.

पुजाऱ्यांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी बादली भरली आणि त्याच्या डोक्यावर ओतली.

पाणी त्याच्यावर पडताना आईनं पाहिलं. तरी मामा कोरडाच.

आणि त्याच्या डाव्या बाजूला…

टप्. टप्.

रिकाम्या हवेतून पाणी ठिबकत होतं. केसांच्या टोकांवरून ठिबकावं तसं.

खालच्या दगडावर दोन ओली पावलं उमटली. लहानशी. बाईची.

मामा दचकला नाही. त्यानं आईच्या हातातून टॉवेल घेतला आणि शेजारी धरला.

टॉवेल हळूहळू ओला होत गेला…

"फुकुए, घरी जा," पुजारी कसेबसे म्हणाले. "मागं वळू नकोस."

ती वळली नाही. पण कानांवर आलंच.

"गारठलीस ना? चल," मामा म्हणत होता. मग गप्प. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसा.

पुढं तो त्या घरात एकटाच राहिला. आई जेवणाचा डबा दारात ठेवून परतायची. आत कधी गेली नाही.

एका संध्याकाळी मामा तिला वाटेतच भेटला, लाकडाच्या वखारीकडे निघालेला. म्हणजे घर रिकामं होतं.

तिनं डबा ठेवला. आतून आवाज आला…

"वन्सं, दारातूनच काय परत जाता? आत या ना."

आई धावत सुटली.

मी तिला एकदा विचारलं, "आवाज मामीचाच होता का?"

"आवाज तिचाच होता," आई म्हणाली.

मग उठून तिनं दाराला कडी घातली.

"पण सुमिनो माझी लहानपणची मैत्रीण. ती मला वन्सं कधीच म्हणाली नाही."