चंपाआत्याची फुंकणी

खोटं वाटेल तुम्हाला. पण शप्पथ, हे घडलंय. माझ्या आईच्या आत्याच्या घरात. चंपाआत्याच्या.

साल छप्पन्न, जानेवारी. लालबागची चाळ. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झालेले. बाहेर कर्फ्यू, आणि पोलीस खोल्याखोल्यांतून झडती घेत फिरतायत.

आत्याचा नवरा भिवा शिवडीला भंगाराच्या गोदामात कामाला. त्याने एक लोखंडी नळी आणली. दोन्हीकडून कापलेली. चूल फुंकायला.

"जुन्या बंदुकीची हाय. अमेरिकेत गोरे आपसातच लढले ना, गुलामांवरनं? तवाची."

"कुठल्या बाजूची वो?"

"चूल पेटवते ना? मग आपल्याच बाजूची!"

आत्या हसली. फुंकायला लागली...

तोंडात खारट चव आली.

दुसऱ्या दिवशी वास. फटाके उडवल्यासारखा...

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. मोर्च्यात पोलिसाच्या लाठीने भिवाचे पुढचे दात पाडले होते. तेव्हापासून तो धुमसत होता.

"खरं सांगा. घरात बंदुकीची दारू लपवलीत?"

"येडी का खुळी तू?"

तिने तांदळाचा डबा उपसला. गोधड्या झटकल्या.

काहीच नाही.

संध्याकाळी चूल पेटेना. नळी तुंबलेली. तिने ती जमिनीवर आपटली...

कागदाचा बोळा पडला. ओला. काळ्या पुडीने माखलेला.

आणि दातांनी तोडलेला...

त्या जुन्या बंदुकांची काडतुसं कागदाची असायची म्हणे. दातांनी तोडायची, मग दारू भरायची. हे मला आत्ता कळलं. आत्याला तेव्हा कुठे ठाऊक!

तिने भिवाकडे पाहिलं. भिवाने गुपचूप तोंड उघडून दाखवलं.

बोळ्यावर पुढच्या दातांच्या खुणा होत्या.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

आत्याने बोळा राखेत ढकलला. हवालदार आत आला. इकडे तिकडे बघून त्याने नळी उचलली.

"काय आहे हे?"

"फुंकणी, साहेब."

"आई गं!"

नळी खाली पडली. त्याचा तळवा भाजला होता.

"चूल तर थंड आहे... मग ही तापली कशाने?"

हवालदार हात झटकत उतरला. पुढच्या खोल्या त्याने बघितल्याच नाहीत.

भिवा वाचला. नळी शिवडीच्या चिखलात गेली.

आत्या मला सांगायची, "सगळे म्हणाले, सुटलीस बाई. पण मला काय वाटत होतं, सांगू? यांनीच लपवलेली असती ना दारू... तर लई बरं झालं असतं रे."