बिनसाखरेचा ग्लास

वैजनाथ उमरेकर मेला तेव्हा नाट्यगृहात टाळ्या पडल्या.

रविवार दुपारचा प्रयोग होता. दोनच पात्रांचं जुनं नाटक. तिसऱ्या अंकात म्हातारे नवरा-बायको कोकम सरबत पितात आणि जन्मभराची भांडणं मिटवतात. विजयमालाबाईंनी टेबलावरचे दोन ग्लास उचलले, एक टेबलाकडे पाठ करून उभ्या असलेल्या वैजनाथच्या हातात दिला. त्याने एका दमात अर्धा ग्लास रिकामा केला आणि तो थांबला. स्वतःच्या नव्हे, बाईंच्या हातातल्या ग्लासकडे त्याने डोळे फाडून पाहिलं. मग टेबल धरलं आणि टेबलासकट कोसळला.

"टीव्हीत गेल्यापासून फार ओव्हरअ‍ॅक्टिंग करायला लागलाय," मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले. टाळी मात्र त्यांनीही वाजवली.

सातव्या रांगेत बुद्धभूषण गजभिये आईला घेऊन बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात विजयमालाबाईंनी किंकाळी फोडली, "पडदा पाडा! अरे, पडदा पाडा!" बुद्धभूषणचे हात हवेतच राहिले. आपण एका माणसाच्या मरणाला दाद दिली, हे कळायला त्याला काही क्षण लागले. पुढे दोन दिवस ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

वैजनाथ म्हणजे उमरेडहून पुण्यात आलेला पोस्टातला कारकून. आधी विंगेत वही घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर, मग अपघातानेच नायक झालेला. चौदा वर्षं त्याने रंगभूमी गाजवली. सहा वर्षांपूर्वी केबल घरोघरी पोचली, रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि वैजनाथचे 'आबासाहेब' झाले. बायका रस्त्यात त्याच्या पाया पडत. सहा वर्षांनी तो रंगमंचावर परतला होता, आणि हा पहिलाच प्रयोग होता.

*

सोमवारी सकाळी विश्रांतवाडीतल्या सायबर कॅफेच्या वरच्या खोलीत एक मुलगी आली. डोळे सुजलेले, पदराचं टोक मुठीत.

खोली प्रियदर्शनी गजभियेची होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी., आठ वर्षं प्रयोगशाळेत नोकरी, आणि आता खाजगी तपास. बहुतेक कामं अमेरिकेतल्या स्थळांच्या चौकशीची. तिचा चुलतभाऊ बुद्धभूषण सॉफ्टवेअर कंपनीत होता. सध्या प्रोजेक्ट नसल्यामुळे बेंचवर.

"शाळेतही बेंचवरच होतास," ताई म्हणायची. "प्रगती नाही."

मुलगी म्हणाली, "मी हेमा. गेनबांची मुलगी. नाटकातलं सामान लावतात ते गेनबा. पहाटे पोलीस घेऊन गेले त्यांना. उद्या कोर्टात उभं करणार हायत. बाबांनी काय बी केलं न्हाई हो ताई."

"बसा. पाणी घ्या. सरबत कुणी केलं होतं?"

"बाबांनीच. आबांना शुगर हाय, म्हणून त्यांचा ग्लास बिनसाखरेचा. दिसायला दोन्ही सारखेच. बाबा म्हणाले, डावा ग्लास आबांचा, उजवा बाईंचा. तालमीत नुसते रिकामे ग्लास असायचे, म्हणून बाबांनी त्या दिवशी दोघांनाबी सांगितलं."

"मध्यंतरात टेबल कुणी लावलं?"

"बाबांनी, पडद्यामागं. आबा आले, म्हणाले, 'माझा कुठला रे?' बाबांनी सांगितलं. मग आबांनी रंगपटातून काठी आणायला धाडलं. दोन मिनिटं बाबा तिथं नव्हते. पण आबा होते ना तिथंच."

"तुम्ही कुठे होता?"

"बाईंना नऊवारी नेसवत. तिसरी घंटा होईपर्यंत त्या माझ्यासमोरून हलल्या न्हाईत."

*

फौजदार उत्तरेश्वर माने कॉलेजात प्रियदर्शनीच्या वर्गात होते. तेवढ्यावर त्यांनी चहा मागवला.

"उघड आहे सगळं," ते म्हणाले. "विष बिनसाखरेच्या ग्लासात. उसावर मारायचं औषध. गेनबा राहतो मांजरीत, घराला लागून ऊस. आणि बाटली सापडली त्याच्याच सामानाच्या पेटीत."

"बाटली पाहू?"

काचेची बोटभर बाटली पिशवीत सीलबंद होती. गळ्याशी विटकरी डाग.

"कोकम," माने म्हणाले.

"पाणी लागलं होतं का याला?"

"लागलं होतं की. पेटीत पाण्याचा तांब्या कलंडला होता, सगळं सामान भिजलं होतं. डाग काही हलला नाही. कोकमाचा डाग कधी जातो का? माझ्या शर्टाला विचारा."

"शर्टावरचा जात नाही, माने. काचेवरचा जातो. हा प्रयोगशाळेत पाठवा. आजच."

"आपण हुकूम करता की विनंती?"

"विनंती. पण आजच."

बाहेर पडताना बुद्धभूषण म्हणाला, "गेनबाला आबांचा राग असेल का?"

"असता तर रिकामी बाटली स्वतःच्याच पेटीत ठेवली असती का? तू ठेवली असतीस कदाचित."

*

विजयमालाबाई घरात खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कालचा रंग कानामागे तसाच होता.

"वीस वर्षं ओळखते मी वैजनाथला," त्या म्हणाल्या. "माझे यजमान सीताराम या नाटकाचे मूळ नायक. त्यांना सवय होती, प्रयोगाआधी सेटच्या माडीवर चढून फळ्या तपासायची. एकदा फळी निसटली. ते खाली पडले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग वैजनाथने केला. वही पाठ होती त्याची. आठ दिवस माझ्या जागी बदली नटी होती, मग मीही त्याच्यासमोर उभी राहिले. काय करणार? नाटक चालू राहायला हवं, असं आम्हाला शिकवलेलं."

"परवाच्या तालमी कशा झाल्या?"

बाई किंचित हसल्या. "थकला होता हो. डाव्या विंगेतून ये म्हटलं की उजव्या विंगेत जाऊन उभा. दोनदा तर मला धडकला. मी म्हटलं, 'आबासाहेब, वय झालं.' रागावला."

"हल्ली तुमच्यात काही वाद?"

"वाद नाही. माझ्या आठवणींचं पुस्तक येतंय, पुढच्या आठवड्यात छापायला जाईल. त्याच्यावरचं प्रकरण वाचून म्हणाला, 'हे एक वाक्य काढ.' मी म्हटलं, का काढू? तुझं कौतुकच आहे त्यात." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला.

बुद्धभूषणने ताईच्या खांद्यावरून वाचलं: 'सीताराम गेले त्याच्या आदल्या दिवशीच वैजनाथने आमच्या शिंप्याकडून नायकाचा कोट स्वतःच्या मापाने शिवून घेतला होता. असा हा तयारीचा नट!'

"छान लिहिलंय," बुद्धभूषण म्हणाला.

कागदाची घडी घालताना ताईचा हात क्षणभर थांबला, एवढंच त्याने पाहिलं.

*

मालिकेचा दिग्दर्शक दिग्विजय मांजरीच्या उसात उभ्या असलेल्या बंगल्यात डोकं धरून बसला होता. मालिकेचं रोजचं चित्रीकरण इथेच चालायचं. बंगल्यामागे शेतीच्या औषधांची खोली होती. तिला कुलूप नव्हतं.

"माझं करिअर संपलं, मॅडम. आबासाहेब गेले म्हणजे सीरियल गेली. मी कशाला मारू त्यांना? सोन्याची अंडी देणारी कोंबडी आहे, आय मीन, होती."

"मध्यंतरात तुम्ही पडद्यामागे होता."

"पाच मिनिटं. बेस्ट लक म्हणायला गेलो. ते टेबलाशी उभे होते, प्रेक्षकांच्या बाजूने, टेबलाकडे तोंड करून. मला म्हणाले, 'नंतर ये.' मी निघालो. ग्लास-बिलास मला काही माहीत नाही."

"त्यांच्याबरोबर काम करणं कसं होतं?"

"सुरुवातीला डोक्याला ताप! मी 'लेफ्ट' म्हटलं की हे राइटला. शंभर रिटेक. आमच्याकडे लेफ्ट म्हणजे कॅमेऱ्याचा लेफ्ट. सहा महिन्यांत मात्र असे तयार झाले, झोपेत सांगितलं तरी बरोबर मार्कवर."

परतताना बुद्धभूषण एकदम उसळला. "ताई! डावं-उजवं! दिग्विजयनेच घोळ घातला. त्याला मारायचं होतं बाईंना, आणि चुकून—"

"अर्धं बरोबर आहे," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज इतका कोरडा होता की त्याने पुढचं विचारलं नाही.

*

संध्याकाळी रिकाम्या नाट्यगृहात चौघांना बोलावलं होतं: माने, विजयमालाबाई, दिग्विजय आणि हेमा. टेबलावर दोन ग्लास होते, साध्या पाण्याचे.

"हेमा, तुझे बाबा डावा म्हणतात तो कुठला?"

हेमा टेबलामागे गेली, रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि डाव्या हाताचा ग्लास दाखवला.

"बाई, तुमचा डावा?"

"तोच. रंगमंचावर डावं म्हणजे नटाचं डावं. प्रेक्षकांकडे तोंड करून."

"दिग्विजय, तुमचा?"

दिग्विजय खाली, पहिल्या रांगेपाशी होता. त्याने बोट केलं ते दुसऱ्याच ग्लासकडे.

माने पुढे सरकले. "म्हणजे हाच!"

"थांबा. कुठला ग्लास कुणाचा, हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गेनबाने फक्त दोघांना सांगितलं. बाई आख्खं मध्यंतर हेमासमोर होत्या. राहिला कोण?"

मान्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"बुद्धभूषण, काल तू पाहिलंस. घोट घेतल्यावर वैजनाथने कुठे पाहिलं?"

"बाईंच्या..." बुद्धभूषणने टेबलाकडे बोट केलं. "बाईंच्या ग्लासकडे."

"सरबताची चव बिघडली तर माणूस आपल्या ग्लासकडे बघतो. दुसऱ्याच्या ग्लासकडे तोच बघतो, ज्याला विष तिथे असायला हवं हे ठाऊक आहे."

हेमाने तोंडावर हात ठेवला.

"वैजनाथने विचारलं, 'माझा कुठला?' गेनबा म्हणाला, 'डावा.' त्याला काठी आणायला पाठवून वैजनाथ प्रेक्षकांच्या बाजूने टेबलासमोर उभा राहिला. सहा वर्षं कॅमेऱ्यासमोर काढून त्याचं डावं-उजवं फिरलं होतं. चुकीच्या विंगेत जात होता तो म्हातारपणामुळे नव्हे. त्याने समोरून पाहून डावा ग्लास आपला धरला आणि दुसऱ्यात औषध ओतलं. ते पडलं त्याच्याच बिनसाखरेच्या ग्लासात. मग बाटली गेनबाच्या पेटीत टाकली."

"पुरावा?" माने हळूच म्हणाले.

"तो तुमच्याकडे आहे."

मान्यांनी खिशातला कागद काढला. "दुपारी फोन आला. बाटलीवरचा डाग कोकमाचा नाही. तेलकट रंग आहे, नटाच्या तोंडाला लावतात तो."

"म्हणून पाण्याने हलला नाही. गेनबा रंग लावत नाही, दिग्विजय लावत नाही. बाईंचं सांगून झालं."

"पण मला का?" विजयमालाबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, आता तो टेबलाच्या कडेपर्यंतही पोचत नव्हता. "मी काय केलं होतं त्याचं?"

प्रियदर्शनीने घडी घातलेला कागद टेबलावर उलगडला.

"तुम्ही त्याचं कौतुक केलंत, बाई. नायकाचा कोट त्याने आदल्या दिवशी स्वतःच्या मापाने शिवून घेतला. नायक धडधाकट होता. प्रॉम्प्टरला कोट कशाला लागतो? सीतारामराव प्रयोगाआधी माडीवर चढणार, हे त्याला पाठ होतं."

बाई उभ्या होत्या तशाच राहिल्या. मग त्यांनी टेबलाची कड चाचपली, जशी दिवे गेल्यावर चाचपतात.

"अकराशे प्रयोग," त्या पुटपुटल्या. "अकराशे वेळा मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं."

मान्यांनी घसा साफ केला. "एका वाक्यावर वीस वर्षांपूर्वीचा खून सिद्ध होत नाही, मॅडम."

"नाही होत. पण ते वाक्य छापलं जाऊ नये म्हणून माणूस विष घेऊन आला, हे सिद्ध होतं. आणि त्यासाठी बाईंचा जबाब लागेल. त्याने वाक्य काढायला सांगितलं होतं, हे फक्त त्यांनाच माहीत आहे." ती बाईंकडे वळली. "जबाब दिलात तर सगळं बाहेर येईल. आबासाहेबांची फुलं वाहिलेली तसबीर आज घराघरांत आहे. लोक तुम्हालाच नावं ठेवतील, वीस वर्षं कळलं कसं नाही म्हणून. नाही दिलात, तर उद्या गेनबा कोर्टात उभा राहील."

हेमाने हातसुद्धा जोडले नाहीत. नुसती बाईंकडे बघत राहिली.

बाईंनी कानामागचा रंग पदराने खसाखसा पुसला. "मान्यांनी गाडी आणली आहे ना? चल, हेमा."

*

चौकीत ट्यूबलाइट फडफडत होती. गेनबा बाकावर बसला होता. बाईंना पाहून सवयीने उठून उभा राहिला.

"बसा हो, गेनबा," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही बसायचं."

हवालदाराने रजिस्टर ओढलं. समोर कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या घरीही कालपासून टीव्हीवर तीच बातमी होती. तरी त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "पूर्ण नाव?"

पोस्टरवर, तिकिटावर, पुरस्कारांवर वीस वर्षं नुसतं 'विजयमाला' छापलं जात होतं.

"विजयमाला सीताराम पळसुले."

"पती?"

"नाहीत."

"मयत," हवालदार पुटपुटत लिहू लागला. "अपघाती की नैसर्गिक?"

बाईंनी त्याच्या पेनावर बोट ठेवलं.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "दोन्ही खोडा. मी सांगते, तसं लिहा."