न लावलेला दिवा

"थांबा काका! काडी ओढू नका!"

संयोगिता एवढ्या जोरात ओरडली, की नानासोकाका दचकलेच.

सुट्टी मे महिन्याची होती, पण मजेची नव्हती. कडेगावहून सगळे कोयनेच्या धरणावर आले होते ते आबांच्या अस्थी घेऊन. आबा म्हणजे संयोगिताचे आजोबा. त्यांचं जन्मगाव धरणाच्या पाण्याखाली होतं. "आपल्या घराच्या वर, पाण्यावर दिवा लाव गं संयू. म्हंजी मला घर सापडंल," असं त्यांनी शेवटी तिलाच सांगितलं होतं. आता नाव नेमकी त्या जागी थांबली होती आणि निरांजनात वात तयार होती.

"काय झालं गं?" काका वैतागले.

"पेट्रोलचा वास येतोय!"

"इंजनाचा वास हाय त्यो. रोजचाच!" नाववाले भाऊसो हसले.

"रोजचा असंल, पण मघापासनं वाढतोय," म्हणत चुलतभाऊ जयराज फळीमागं वाकला. "संयू, हे बघ!"

गोडेतेलाचा प्लॅस्टिकचा डबा भर उन्हात आडवा झाला होता. तोंडाला चिंधीचा बोळा! नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग पसरला होता.

"जादा पेट्रोल बरोबर ठेवायलाच लागतं की!" भाऊसो म्हणाले. "काठोकाठ भरून आणलंय."

"तिथंच चुकलं!" संयोगिता म्हणाली. "आबा फौजेत गाडी चालवायचे. ते सांगायचे, पेट्रोल उन्हात फुगतं. लोखंडी कॅन घ्यायचा, झाकण घट्ट फिरवायचं, वर चार बोटं जागा सोडायची. कॅन सावलीत उभा बांधायचा, आन् जवळपास काडी न्हाई म्हंजी न्हाई!"

"एका वातीनं काय होतंय? आबांची शेवटची इच्छा हाय, पोरी!" काकांचे डोळे भरून आले. त्यांनी काडी काढलीसुद्धा.

जयराजनं झडप घालून काडेपेटी हिसकावली आणि थेट पाण्यात भिरकावली!

काकांनी हात उगारला. पण खाली वाकून त्यांनी तवंगात बोट बुडवलं, हुंगलं, आणि ते मटकन खाली बसले. "समद्यांची राख झाली असती रं."

भाऊसोंचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलो. आता इंजन न्हाई चालू करत. वल्ह्यानं जाऊ."

संयोगितानं निरांजन बाजूला सारलं. अस्थींचं मडकं तिनं अलगद पाण्यावर वाकवलं.

"आबा, दिवा न्हाई लावता आला," ती पुटपुटली. "तुमीच नको म्हणाला असता."

"व्हय गं," काकांनी तिला जवळ घेतलं. "शाबास, संयू. त्यांनी शिकवलेलं आमी इसरलो, तू न्हाई."

आठवडाभर कोरडे राहिलेले संयोगिताचे डोळे तेव्हा वाहायला लागले. काकांनी तिला मनसोक्त रडू दिलं.