फटीतल्या उन्हाचा शेवट

रेणूनं पान उलटलं, तर पुढं पानच नव्हतं. थेट पुठ्ठा.

"हे काय बाप्पा," ती म्हणाली. "पोरगी कडीवर हात ठेवते आणि पुस्तक संपलं?"

मे महिन्याची दुपार होती. बाहेर मानोऱ्याचा रस्ता तव्यासारखा तापला होता, आणि गावात थंड फरशी फक्त वाचनालयाची होती. तिथं पालथं पडून रेणूनं सुट्टीच्या पंधरा दिवसांत रक्तपिपासूंची नऊ पुस्तकं संपवली होती. आठ पुस्तकं वाचताना तिनं नाक मुरडलं होतं. नववं, 'फटीतलं ऊन' नावाचं बारकं पुस्तक, तिनं श्वास रोखून वाचलं होतं. दिवसा घराबाहेर पाऊल टाकता न येणारी एक मुलगी दाराच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ बोटानं मोजत बसते, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांचा आवाज ऐकते. रक्त पिणाऱ्यांच्या पुस्तकात रेणूला पहिल्यांदाच कोणाची तरी माया आली होती. आणि नेमकं तिथंच पान नाही.

"फळ्यावर वाच ना शेवट," प्रसेनजित म्हणाला. तो रेणूच्या शेजारच्या घरातला, तिच्याच वर्गातला. पुस्तकापेक्षा फळा वाचणं त्याला परवडायचं.

दारासमोरच्या त्या फळ्यानं सध्या गावाला वेड लावलं होतं. वर ठळक अक्षरांत 'सचिवांची शिफारस', आणि खाली कोणाच्या आवडीला रक्तपिपासूचं कुठलं पुस्तक रुचेल त्याचा सल्ला.

'प्रेमकथा आवडणाऱ्यांसाठी: चंद्रवाड्याची वधू. यातला सरदार तीनशे वर्षं जगला, पण स्वतःची भाकर थापायला शिकला नाही. पोरींनो, विचार करा.'

'रहस्य आवडणाऱ्यांसाठी: दातांचा पंचनामा. खुनी कोण ते बाराव्या पानावर कळतं. पुढची दोनशे पानं लेखकाला कळायला लागली.'

'भित्र्यांसाठी: काळ्या किल्ल्याचा धनी. साठाव्या पानापासून बकरी जवळ घेऊन बसावं. बकरी भीत नाही, तिला वाचता येत नाही.'

आणि सगळ्यात खाली: 'रडू आवडणाऱ्यांसाठी: फटीतलं ऊन. रक्त थोडं, एकटेपण फार. शेवटी ती दार उघडून उन्हात येते आणि जळत नाही. ऊन तिच्या केसांत तेलासारखं मुरतं.'

रेणूनं ते दोनदा वाचलं. मग आतल्या टेबलाकडं पाहिलं. तिथं वाचनालयाचे सचिव रविकांतराव पंख्याखाली डुलक्या घेत होते. त्यांच्या खिशाला तीन पेनं होती आणि वाचनालयातल्या एकाही पुस्तकाशी त्यांची ओळख नव्हती. प्रजासत्ताक दिनाला 'वाचनाचे महत्त्व' यावर बोलताना त्यांनी भाषणाचा कागद उलटा धरला होता, आणि तरी भाषण थांबलं नव्हतं.

"हा माणूस लिहील?" रेणू कुजबुजली. "केसांत तेलासारखं ऊन? याच्या तर डोक्यात काही मुरत नाही."

"हळू बोल," प्रसेनजित म्हणाला.

"आणि पान नाही, तर शेवट त्यानं वाचला कुठी?"

"जळत नाही ती," मागून आवाज आला. "मंग ते बकरीचं पिल्लू उचलते."

दारात सेवालाल उभा होता. दहा वर्षांचा, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतत. जाताना वाचनालयाची एक लोखंडी पेटी त्यांच्या ट्रॅक्टरवर चढे. तीस पुस्तकांची. पाच-सहा महिने साखर कारखान्यावरच्या खोप्यांमध्ये ती फिरायची.

"पिल्लाचं फळ्यावर नाही लिहिलं," रेणू उठून बसली. "तुले कोणं सांगितलं?"

"याडीनं. माह्या आईनं. तिकडं सांगे ते, लहान्या पोराइले."

रेणू काही बोलणार, तेवढ्यात रविकांतराव जागे झाले.

"ए, तांड्याचा ना तू? तुझ्या आईला सांग, यंदापासून पेटी बंद. शनिवारी जिल्हा ग्रंथालयाच्या मॅडम येणार आहेत, त्यांच्यासमोर ठराव करतोय. तुम्ही लोक पुस्तकांनी चुली पेटवता."

"नाही पेटवत, सर."

"मग परत आलेली पुस्तकं काळी का?"

"उसाची राख राह्यते सर, हातावर."

"तेच ते," रविकांतराव म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

सेवालालचा चेहरा उतरला. तो पायरीवर जाऊन बसला. "पेटी नसली तं मी तिकडं काय करू?" तो म्हणाला. "शाळा तं नाहीच. पेटीच होती."

रेणूला त्या झोपलेल्या माणसाचा असा राग आला, की पायात चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही. "सायकली काढा," ती म्हणाली.

तांडा दीड कोसावर माळाला होता. पळस फुलून झडला होता, निंबाच्या सावल्या आक्रसून बुंध्याशी बसल्या होत्या. धनीबाई, सेवालालची आई, ओट्यावर गोधडीला टाके घालत होती.

"मावशी," प्रसेनजितनं विचारलं, "'फटीतलं ऊन'चा शेवट तुमाले कसा माहीत?"

धनीबाई हसली. "माहीत कुठचा? मी केला तो. पुस्तकाले शेवटच नव्हता. पोरं झोपत नव्हती, मंग काय झालं, मंग काय झालं. म्हटलं, आली बाहेर. कितीक दिवस कोंडून ठेवा लेकराले?"

"आणि फळ्यावरचं ते भाकर थापायचं?" रेणूनं विचारलं.

"ते मीच लिहिलं. पाच खोप्या, पाच तऱ्हेचे लोक. कोणाले रडू पाह्यजे, कोणाले हसू. पुस्तकात चिठ्ठी घालून धाडो, का हे तुह्यासाठी, हे तुह्यासाठी नाही. तीस पुस्तकांत चौदा रक्त पिणारेच होते. गावात कोणी घेत नाही ते सारं पेटीत टाकून देल्लं त्या साहेबानं." तिनं दोरा दातानं तोडला. "गोचीडबी रक्त पिते. तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही. हे काळा कोट घालते, म्हणून मोठं."

रेणूला ही बाई तिथल्या तिथं आवडली.

"काकू, तुमच्या चिठ्ठ्या त्यानं फळ्यावर आपल्या नावानं उतरवून लावल्या."

धनीबाईचा हात थांबला. तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली. "लावू दे," मग म्हणाली. "वाचून राह्यले ना लोक? फक्त पेटी बंद नको करू म्हणा."

"तुमच्यापाशी एखादी चिठ्ठी हाय?" प्रसेनजितनं विचारलं.

"मी कायले ठेवू? पुस्तकासंगंच वापस गेल्या. उसाच्या पावतीच्या पाठीमागं लिहिल्या होत्या."

म्हणजे पुरावा सगळा रविकांतरावांकडं. परतताना प्रसेनजित उदास झाला. "तो म्हणीन, मीच लिहिलं. आपलं कोण ऐकते?"

रेणूनं जोरात पायडल मारलं. मग एकदम म्हणाली, "आपण बोलायचंच नाही. त्यालेच बोलू द्यायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं आधी पुस्तकाचं पहिलं पान, एरवी कोणी न वाचणाऱ्या शिक्क्यासकट, नीट पाहिलं, आणि मग ती तोंड गोड करून टेबलाशी गेली. "सर, तुम्ही 'फटीतलं ऊन' खरंच पूर्ण वाचलं?"

"तीनदा," रविकांतराव म्हणाले. "शेवटाला तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग शनिवारी मॅडमसमोर तो शेवट वाचून दाखवाल? तुमचा आवाज किती छान आहे."

रविकांतरावांनी केसांवरून हात फिरवला. पुस्तक उघडून पाहावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. रेणूचा सगळा भरवसा त्यावरच होता.

शनिवारी सकाळी वाचनालय भरलं. जिल्ह्याहून आलेल्या उज्ज्वला मॅडम फळा वाचून दोनदा हसल्या, आणि बकरीच्या ओळीला तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. रविकांतरावांच्या हातात नारळ होता आणि खिशात ठराव. मागं दाराशी धनीबाई आणि सेवालाल उभे होते, रिकामी पेटी परत घेऊन आलेले. तिच्यावरची राख धुऊन त्यांनी ती चकचकीत केली होती.

"आता सर शेवटचं पान वाचतील," रेणूनं जाहीर केलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

रविकांतरावांनी घसा खाकरला. पुस्तक मागून उघडलं. पुठ्ठा. एक पान अलीकडं. कडीवर हात. पुन्हा पुठ्ठा. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बघा," ते ओरडले, "बघा मॅडम! तांड्यावाल्यांनी पानं फाडली. म्हणून मी म्हणतो, पेटी बंद करा."

सेवालालनं आईचा पदर धरला. धनीबाईची मान ताठ झाली.

"मॅडम," रेणू म्हणाली, "पहिलं पान पाहा ना."

उज्ज्वला मॅडमनी पहिलं पान उघडलं. तिथं निळा शिक्का होता. शिक्क्याखालची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "'देणगी म्हणून स्वीकारले. शेवटची आठ पाने नाहीत.' तारीख सहा वर्षांपूर्वीची. पेटी कधी सुरू झाली?"

"दोन वर्षं झाली," प्रसेनजित म्हणाला.

"आणि ही सही..." मॅडमनी चष्मा सावरला. "रविकांतराव, ही तुमचीच ना?"

कोणीतरी मागं फिसकन हसलं.

"सही तर केली असेल," रविकांतराव म्हणाले. "रोज किती सह्या असतात."

"मग शेवट तुम्ही तीनदा वाचला कुठं?"

"दुसऱ्या प्रतीत."

"कोणाच्या?"

नारळ एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"सर," सेवालालनं विचारलं, "उन्हात आल्यावर ते पोरगी काय करते?"

"काय करणार? आराम करते."

आता वाचनालयभर हसू पसरलं. सेवालाल मात्र हसला नाही. "नाही सर. दाराशी बकरीचं पिल्लू राह्यते. बाकीच्या पोराइनं लंगडं म्हणून खेळात न घेतलेलं. ते त्याले उचलते, अन् त्याची सावली अन् तिची सावली एकच पडते. तिले वाटते, आता मले सावली आली."

हसू विरून गेलं. मॅडम सेवालालकडं पाहतच राहिल्या.

"हे कोणी लिहिलं, बाळा?"

"लिहिलं नाही. याडीनं सांगितलं."

"चिठ्ठ्याही काकूंच्याच आहेत," रेणू म्हणाली. "उसाच्या पावत्यांमागं लिहिलेल्या. सरांच्या ड्रॉवरमध्ये असतील. ते काही फेकत नाहीत, फक्त पुस्तक उघडून पाहत नाहीत."

ड्रॉवर उघडला, आणि तिथं गठ्ठा होता. रबर लावलेला, राखेच्या बोटांचे ठसे असलेला. मॅडमनी एकेक चिठ्ठी फळ्याशी ताडून पाहिली. मग त्यांनी रविकांतरावांच्या खिशातून डोकावणारा ठराव मागितला, त्याची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"पेटी बंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि धनीबाई, यंदा पेटीत काय भरायचं ते तुम्ही ठरवाल. आमच्या जिल्ह्यात तुमच्याइतका वाचक मला भेटलेला नाही. पोरांनो, तुमच्यासारखे डोळेही पाहिले नाहीत."

"मंग रक्त पिणारे दोनच," धनीबाई म्हणाली. "हे एक, अन् भित्र्याइचं एक. बाकीचे ठेवा इथंच. पावसाळ्यात दारं फुगतात, त्याइच्या खाली घालायले बरे."

मॅडमनी फळ्यावरचं 'सचिवांची' पुसून तिथं 'धनीबाईंची' लिहिलं. मग धनीबाईनं दाभण मागितला, आठ कोरे कागद मागितले. तिथंच फरशीवर बसून तिनं ते पुस्तकाच्या पाठीला शिवले आणि सेवालालच्या हाती पेन दिलं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. उन्हाची एक रेघ दारातून आत येऊन त्याच्या लिहित्या हातावर पडली होती. ती रेणूनं आपल्या बोटानं मोजून पाहिली.

शिवलेलं पुस्तक पेटीत न टाकता धनीबाईनं आधी रविकांतरावांपुढं ठेवलं. आत चिठ्ठी होती. रेणूनं मान वाकडी करून ती वाचली, आणि मग तिला हसू दाबायला बाहेर पायरीवर जावं लागलं.

'न वाचणाऱ्यांसाठी: पातळ आहे. घाई नाही. शेवटापर्यंत वाचावं, मग सही करावी.'