हॉल, कंसात दोन

मालकीणबाईंनी हाक मारली तेव्हा ताई शिडीवर चढून छताजवळची केबल ओढत होती.

"खाली ये. चोरी झालीय."

चोरी एका चित्राची होती. पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या त्या ऑफिसात सकाळच्या बैठकीत जुन्या चित्रकार मोठ्या बाईंनी आणि नव्या मुलीने, जिला सगळे नवीच म्हणत, एकच चित्र पुढे ठेवलं होतं: रिकामी खुर्ची आणि तिच्यावर उलटी छत्री. हिने माझ्या टेबलावरून बघितलं, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. त्या इथे पंधरा वर्षं होत्या, नवी सहा महिने. मालकीणबाईंचा विश्वास कुणावर बसला, हे सांगायला नको. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर नवीने आपलं टेबल आवरायचं होतं.

ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईला हे ऐकून मनातून बरंच वाटलं. नवी आल्यापासून ताईच्या पोटात दुखत होतं. जो तो नवीचं कौतुक करायचा, आणि एकदा तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद नवीने ताईच्या आधी सोडवला होता. ताईला चोर म्हणून नवीच हवी होती.

"चित्र कधी छापलंस?" तिने नवीला विचारलं.

"काल दुपारी. हॉलच्या प्रिंटरला, 'हॉल'ला दिलं, पण बाहेर आलंच नाही. थोड्या वेळाने कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरांच्या यादीत 'हॉल (२)' दिसला. त्याला दिलं, लगेच आलं."

"हा दुसरा कुठून आला, विचारलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हीच लावला असेल."

इथे प्रिंटर कुणी यादीत घालत नसे. चालू झाला की तो नेटवर्कवर स्वतःच आपलं नाव पुकारायचा आणि सगळ्यांच्या यादीत येऊन बसायचा. पोरीने गुपचूप आपला प्रिंटर आणून लावलाय, अशी ताईची खात्री झाली.

ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"काल काही वेगळं दिसलं?"

"जेवणाच्या सुमाराला हॉलचा प्रिंटर बंद पडला होता. मीच परत चालू केला."

"आणि हा तुमचा?" कोपऱ्यातल्या प्रिंटरवर कापड टाकलेलं होतं.

"तो महिनाभर बंदच आहे."

सोमवारी ताईने त्यांना या प्रिंटरची शाई काढून दिली होती. तो डबा टेबलावर कुठे दिसला नाही.

मग तिने हॉलच्या प्रिंटरकडून त्याच्या स्वतःच्या माहितीचा कागद काढून घेतला. वर नाव होतं, 'हॉल (२)'. ताई तो घेऊन स्टुलावर बसली. कागद चुरगळून टाकावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पाच वाजता तिने तिघींना हॉलमध्ये बोलावलं.

"एका नेटवर्कवर एका नावाचे दोन प्रिंटर राहत नाहीत. आधी पुकारतो त्याला नाव मिळतं, मागून येणारा स्वतःला दोन लावून घेतो. इथे दोन लागलाय हॉलच्या जुन्या प्रिंटरला. म्हणजे काल तो बंद असताना कुणीतरी दुसऱ्या प्रिंटरला 'हॉल' नाव दिलं, आणि नवीचं चित्र तिकडे गेलं."

तिने 'हॉल'ला एक कोरा कागद पाठवला. हॉलचा प्रिंटर गप्प राहिला. मोठ्या बाईंच्या खोलीत, कापडाखाली, घरघर सुरू झाली.

मालकीणबाईंनी कापड ओढलं. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर मागच्या कामांची यादी होती. काल दुपारी पावणेदोन, नवीचं नाव, 'छत्री'.

"काम झाल्यावर बंद तरी करायचा," मालकीणबाई म्हणाल्या.

"ही पुढचं काय काढते, ते बघायचं होतं," मोठ्या बाई खाली बघत म्हणाल्या. "पंधरा वर्षं पहिलं चित्र माझ्याकडे मागत होते सगळे."

त्या गेल्यावर नवी ताईजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले? तूच सापडावीस म्हणून शोधत होते मी. तुझा हेवा वाटतो मला, त्यांना वाटायचा तसाच."

ताईने खोलीतल्या प्रिंटरची वायर काढली, हॉलचा बंद करून पुन्हा चालू केला. यादीत 'हॉल' आला, पुढे काही नव्हतं.

"कागद अडकला," ताई म्हणाली, "तर आधी मला हाक मार."