बाहेर पडल्याची वेळ

किल्ली देतो गं, नाही कुठे म्हणतोय? पण वीज आल्याशिवाय ते यंत्र चालणार नाही, आणि तुझ्या रीडिंगसाठी जनरेटर लावायला तुझे गाइड काही घरून उठून येणार नाहीत. तेव्हा बस. तुम्हीही बसा रे. आणि तो मोबाइलचा दिवा माझ्या तोंडावर मारू नकोस, भूत मी नाही.

सांगतो ते ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो पोरगा याच बाकावर माझ्याशेजारी बसून रडलाय, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. विज्ञानवाले तुम्ही, मी इथला साधा शिपाई.

तीन वर्षांपूर्वी, बुधवारी, चौदा तारखेला, रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी लंबू वरच्या यंत्राच्या खोलीत शिरला. हो, तीच खोली, जिची किल्ली तुला हवी आहे. लंबू म्हणजे सहा फूट तीन इंच. कुठल्याही दारातून येताना मान लववायचा, आणि त्याच्या गाइड सरांसमोर तर ती बारा महिने लववलेलीच. थिसिस लिहून तयार होता. सहा वर्षांचं काम, आणि अडलं होतं कशावर, तर सरांच्या एका सहीवर. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

त्या रात्रीचं काम तसं साधं होतं. जुनं रजिस्टर बघून नवं रजिस्टर लिहायचं.

म्हणजे कसं ते सांगतो. यंत्राच्या खोलीत जाणाऱ्याने टेबलावरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, आत आल्याची वेळ लिहायची आणि जाताना बाहेर पडल्याची वेळ लिहायची, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आता त्याच सुमारास विद्यापीठाने एक समिती नेमली होती. संशोधनाचं वातावरण सुधारायचं म्हणे. विभागात जाऊन बघायचं, की पोरांना झोप मिळते का, सुटी मिळते का, कोणी छळतं का. ज्या विभागाचं वातावरण निरोगी, त्याला दोन नव्या जागा. समिती गुरुवारी अकराला येणार होती आणि तिने आधीच कळवलं होतं, मागच्या वर्षाचं रजिस्टर काढून ठेवा.

सरांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. त्या रजिस्टरमध्ये काय होतं? आत सकाळी नऊ, बाहेर रात्री दोन. आत आठ, बाहेर दुसऱ्या दिवशी सकाळी सात. चाळीस पानं, सगळी अशी. सरांनी लंबूला केबिनमध्ये बोलावलं, कोरं रजिस्टर दिलं आणि चार पेनं दिली. दोन निळी, एक काळं, एक जरा फिकट. म्हणाले, "आलटून पालटून वापर, एका हाताचं दिसता कामा नये. आत सगळ्यांना दहा, बाहेर सगळ्यांना सहा. कोणाशी बोलू नकोस. उद्या सकाळी रजिस्टर माझ्या हातात, आणि सही तुझ्या."

लंबू "हो सर" म्हणाला. मग दारात थांबून त्याने विचारलं, "आणि मुंगीचं?"

"तिचंही सहा," सर म्हणाले. "आणि पेनने लिही. ती पेन्सिलने लिहायची. शिस्त म्हणून नव्हती त्या पोरीला."

मुंगी कोण, ते नव्यांना माहीत नसेल. त्याच सरांची विद्यार्थिनी. एवढीशी, सतत काहीतरी उचलून धावत असायची म्हणून मुंगी. वडील शिंपी. ते कानावर पेन्सिल ठेवायचे, म्हणून हिच्याही कानावर कायम पेन्सिलचा तुकडा. त्या तारखेच्या आठ महिने आधी तिला ताप आला. तीन दिवस अंगात ताप आणि कोरडा खोकला. चौथ्या दिवशी सुटी मागायला गेली तर सर म्हणाले, "यंत्राला ताप आलाय का? मग रीडिंग घे." संध्याकाळी पाचला ती माझ्याकडे आली, म्हणाली, "काका, तापाची गोळी आहे का हो?" मी गोळी दिली, "लवकर जा गं घरी" म्हणालो, आणि स्वतः घरी गेलो. माझी सुटायची वेळ झाली होती ना! आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

सकाळी सातला झाडूवाल्या बाईला ती मागच्या जिन्याच्या तळाशी सापडली.

सरांनी सांगितलं, मुलगी आदल्या दिवशी सहालाच गेली होती, पहाटे लवकर आली असेल, पाय घसरला. कॅमेरा? होता की कॅमेरा. फक्त त्या जिन्यावर नव्हता. आणि आम्ही? लंबू, मी, बाकीची पोरं, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. कोणाला सही हवी होती, कोणाला नोकरी.

तिचे वडील तीनदा आले. ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. सरांच्या केबिनबाहेर टोपी हातात धरून उभे राहायचे आणि दिसेल त्याला एकच विचारायचे, "माझं कोणाशी भांडण नाही साहेब. फक्त माझी पोरगी इथून निघाली किती वाजता, तेवढं सांगा. तिची आई रोज विचारते." लंबूलाही त्यांनी विचारलं होतं. लंबू म्हणाला होता, "सहा." आणि सगळ्यांना ठाऊक होतं की रजिस्टरमध्ये तिच्या शेवटच्या ओळीत आत आल्याची वेळ आहे, सकाळी नऊची, आणि बाहेर पडल्याची जागा कोरी आहे.

तर लंबू लिहायला बसला. खोलीला खिडकी नाही. एसी यंत्रासाठी कायम अठरावर. यंत्र बंद होतं. दार लावून घेतलं होतं. दहा, सहा. दहा, सहा. हात चालला होता. अकरापर्यंत तेरा पानं झाली. त्याने बोटं मोडली, पाणी प्यायला, स्वेटरची बटणं लावली.

विसाव्या पानाच्या आसपास त्याला उकडायला लागलं.

त्याने स्वेटर काढला. एसी बंद पडला म्हणून वर पाहिलं, तर आकडा अठराच. हात लावून बघितला, वारा गार. पुन्हा खुर्चीत बसला. समोरून गार वारा लागत होता आणि मानेवर मात्र धग येत होती. फक्त मानेवर. तापलेल्या माणसाच्या कपाळाशी हात नेला की लागते ना, तेवढीच.

त्याने मागे पाहिलं. भिंत होती.

जागरणाने होतं असं, तो मनाशी म्हणाला. लिहीत राहिला. तिसावं पान. पस्तिसावं. धग हटेना. आता त्याला वाटायला लागलं, की कोणीतरी मागे उभं आहे. अंगावर येत नाहीये. नुसतं उभं आहे. रजिस्टरवर नाव टाकायला आपण एकामागे एक उभे राहतो, तसं… नंबर लावून.

चाळिसावं पान. शेवटची ओळ. मुंगीची. तिच्यानंतर ते रजिस्टर बंद करून दुसरं सुरू केलं होतं.

त्याने आत आल्याची वेळ लिहिली, दहा. पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि हात अडकला. घड्याळात पावणेदोन झाले होते. त्याने फोन काढून सरांना लावला. एवढ्या रात्री! पण त्याला माणसाचा आवाज हवा होता, मग तो सरांचा का असेना.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"झालंच सर. शेवटची ओळ. तिच्या पुढे… तिथे जुन्यात कोरं आहे."

"म्हणून फोन केलास? सहा लिही. सही हवी आहे ना?"

"हो सर."

"मग लिही. आणि मदतीला ज्याला कोणाला घेऊन बसलायस त्याला आधी हाकल. मी एकट्याला सांगितलं होतं तुला."

"एकटाच आहे मी, सर."

"मला मूर्ख समजतोस? मग मघापासून खोकतंय कोण?"

…

लंबूने काही ऐकलं नव्हतं. अजिबात काही नाही. खोलीत फक्त एसीची घरघर होती. पण फोनमध्ये सर थांबले होते, ऐकत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग तो जोरात व्हायला लागला… आणि फोन बंद झाला.

लंबूची पाचावर धारण बसली. मागे बघायची हिंमत नव्हती. त्याने पेन घेतलं. सहा लिहिलं.

धग कानापाशी आली.

त्याने पेन खाली ठेवलं. त्याला ती टोपी आठवली, शिंप्याच्या हातातली. आणि त्याच्या तोंडून त्या बापाचाच प्रश्न बाहेर पडला.

"मुंगी… किती वाजता निघालीस गं?"

…

मग आवाज आला. कागदावर पेन्सिल चालल्याचा. सावकाश. त्याच्या उजव्या हाताशेजारी. खोलीत पेन्सिल नव्हती.

तो पळाला. जन्मात पहिल्यांदा दारातून जाताना मान लववायला विसरला. चौकटीवर कपाळ फुटलं, तीन टाके पडले. पहारेकऱ्याने त्याला फाटकापाशी बसवलं तेव्हा दोन वाजून गेले होते.

पुढचं माझ्या समोरचं.

सकाळी सातला सर स्वतः येऊन दोन्ही रजिस्टरं घेऊन गेले. जुन्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, अंदाज तुम्हीच करा. नवं त्यांनी माझ्यासमोर पानापानाने चाळलं. सगळं भरलेलं होतं, मीही पाहिलं. दहा, सहा, दहा, सहा. शेवटच्या ओळीपर्यंत. रात्रीच्या फोनबद्दल चकार शब्द नाही. फक्त केबिनचं दार त्यांनी दिवसभर उघडं ठेवायला सांगितलं. दहाला लंबू डोक्याला पट्टी बांधून आला. सरांनी थिसिसवर सही केली आणि म्हणाले, "बघ, माणसाने ऐकलं की सगळं होतं."

अकराला समिती बसली. मी पाण्याच्या बाटल्या ठेवत होतो. समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या, जाड चष्म्याच्या. सर बोलत होते, की आमच्याकडे संशोधक म्हणजे घरची मुलं. बाईंनी रजिस्टर उघडलं. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भराभर उलटायला लागल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही का?"

सर हसले. मग वाकून बघितलं, आणि तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला. नावं होती. आत आल्याची वेळ होती, दहा, दहा, दहा. बाहेर पडल्याचा रकाना कोरा. पहिल्या पानापासून. चार पेनांतल्या एकाचाही ठिपका तिथे नव्हता.

"एकच जण बाहेर पडलेलं दिसतंय," बाई शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या. "पेन्सिलने लिहिलंय. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. ही कोण?"

बाटली माझ्या हातातच राहिली. तेवढ्यात दारातून लंबू आत आला. सही झालेला थिसिस काखेत होता. तो म्हणाला, "ती मुंगी. मागच्या जिन्यात मेली. सकाळी नऊला आत आली होती. हे रजिस्टर मी लिहिलंय, सरांनी सांगितलं म्हणून." आणि मान ताठ ठेवून उभा राहिला. मीही मग तोंड उघडलं. गोळीचं सांगितलं. आठ महिने उशिरा, पण सांगितलं.

सरांचं काय झालं? काय व्हायचंय! मोठ्या पदावर गेले. संशोधकांच्या कल्याणावर भाषणं देतात. जायच्या आधी लंबूच्या थिसिसवरची सही तेवढी त्यांनी मागे घेतली. पोराची सहा वर्षं गेली. दुसरीकडे पहिल्यापासून करतोय. मध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "काका, झोप लागते."

समितीने परत पाठवलेलं ते रजिस्टर घेऊन आम्ही दोघे शिंप्याकडे गेलो. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि तो आकडा बराच वेळ पाहिला. "चार असाच काढायची," म्हणाले. "वरून उघडा. मीच शिकवला." मग आतल्या दाराकडे वळून बायकोला मोठ्याने सांगितलं, "अगं, चार दहाला निघाली!" रजिस्टर मात्र त्यांनी ठेवून घेतलं नाही. म्हणाले, "तुमच्याकडेच असू द्या, पुढच्या पोरांना लागेल."

हे बघ. माझ्याच कपाटात असतं. धर तो दिवा इकडे. शेवटचं पान. दिसला आकडा? आता त्यावर बोट घास. घास, घाबरू नकोस. नीट दाबून.

दाखव बोट. काळं झालं ना? प्रत्येकाचं होतं, तीन वर्षं झाली. आता पानावर बघ, काही कमी झालंय का.

ही घे तुझी किल्ली. जायचं का नाही ते तू ठरव.