क्वेबेकचं बिनतिकिटाचं पत्र

"माझं क्वेबेक कुठंय?" रविकांतने विठ्ठलची कॉलरच धरली.

२००१ चा जून. आखातातल्या रिग्गईतला तो फ्लॅट नुसता भाजत होता. एसी बंद, बाल्कनीचं दार उघडं आणि बाहेरून वाळू आत येत होती. विठ्ठल सावंतवाडीचा, एसी दुरुस्तीला आलेला. चोर ठरायला एवढं पुरलं.

गेलं होतं ते क्वेबेकहून कोणीतरी टाकलेलं पत्र. कॅनडात तिकिटं निघायच्या आधीचं, वर नुसता शिक्का आणि शाईने लिहिलेलं पोस्टेज. रविकांतच्या संग्रहाचा जीव.

"याच्या कफीलला, व्हिसा देणाऱ्या मालकाला, फोन लाव," सुशांत म्हणाला. हाही संग्राहक. लिलावाचा जाड कॅटलॉग छातीशी धरून तो मघापासून उभाच होता. "याला परत पाठवायला सांग."

विठ्ठलचा चेहरा उतरला. "साहेब, झडती घेवा. पण कफीलाक सांगू नका. अकामा, हयसर रवाचो परवानो, गेलो तर घराकडे काय तोंड दाखवू?"

कौमुदी स्वयंपाकघरातून आली. नवऱ्याच्या या कागदांचा तिला तिटकारा होता, त्याच्या आवाजाचा त्याहून जास्त.

"कॉलर सोड. फोन घ्यायला आत गेलास तेव्हा अल्बम कसा होता?"

"उघडा. टेबलावर."

"परत आलास तेव्हा?"

"मिटलेला. तुझ्या ओढणीत गुंडाळलेला."

"मी गुंडाळला नाही. शेजारचं ते बीव्हर प्राण्याचं रंगीत तिकीट?"

"ते आहे."

"मयूर, मधे थोडा वेळ तुम्ही इथे एकटे होतात?"

खालच्या मजल्यावरचा मयूर पार्किंगवरून भांडायला आला होता. "होतो! त्या पत्राची किंमत ऐकून कान किटलेत माझे. पण हात नाही लावला."

"आणि तुम्ही, सुशांत भावजी?"

"मीही नाही. पोलिसांना बोलवा, वहिनी!"

"कशाला? विठ्ठलला त्यातलं काही माहीत नाही. त्याने रंगीत तिकीट उचललं असतं. बिनतिकिटाचा कागद त्याला रद्दीच वाटला असता. मयूरना किंमत ठाऊक आहे. पण रागावलेला माणूस उरलेली पानं वाळूपासून जपत बसत नाही. चोराला घाई होती, तरी त्या पानांवर वाळू पडलेली त्याला बघवली नाही. हे वेड इथे दोघांनाच आहे. एक ओरडतोय." ती सुशांतकडे वळली. "दुसरा बसायला तयार नाही. जुना कागद खिशात कोंबायची तुमची छाती नाही, भावजी. कॅटलॉग द्या."

सुशांतने तो अजून आवळला. रविकांतने हिसकावून उघडला. मधोमध, दोन पुठ्ठ्यांत, क्वेबेक.

"तुझी लायकीच नाही!" सुशांत किंचाळला. "वाळूत उघडं टाकून गेलास!"

"चालता हो!"

दार आपटलं. रविकांत पत्र उजेडात धरून बघत राहिला. "विठ्ठल, एसी सुरू कर," तो मान वर न करता म्हणाला.

विठ्ठलने कॉलर नीट केली. "आदी माका सॉरी म्हणा, साहेब."

रविकांत पत्रच बघत होता.

कौमुदीने दार उघडून धरलं. "तुम्ही निघा, विठ्ठल. एसी राहू दे बंदच. ह्याच्याबरोबर मीही उकडून घेईन."